न रंगवलेला कोपरा

चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्यामुळे गल्लीत सगळे त्यांना उस्ताद म्हणत. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा काम सुटलं, खोड सुटली नाही. कुणाच्या घरी गेले की पाण्याचा पेला हातात येण्याआधी त्यांची नजर छताच्या कडेने एक फेरी मारून यायची. "हे कुणी रंगवलंय? केरसुणीने?" असं विचारून ते यजमानाचं तोंड एवढंसं करून टाकत. स्वतःच्या घरात मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. दारं, खिडक्या, चौकटी, सगळं कसं गुळगुळीत.

फक्त मागच्या खोलीतला, कपाटाआडचा कोपरा त्यांचं ऐकत नव्हता.

त्या खोलीत त्यांची मुलगी आणि सहा वर्षांची नात झोपत. नातीचं घरातलं नाव भिंगरी, कारण ती एका जागी ठरतच नसे. कोपऱ्यात आधी राखाडी ठिपके आले, मग ते काळे झाले आणि खोलीला कुबट वास येऊ लागला. उस्तादांनी ते खरवडले आणि वरून रंगाचे दोन हात दिले. चार महिन्यांत ठिपके हजर. पुन्हा दोन हात.

या थंडीत भिंगरी एका जागी बसू लागली. जिना चढला की खोकायची आणि बोलताना मध्येच थांबून श्वास घ्यायची. डॉक्टरबाईंनी तिची छाती तपासत विचारलं, "घरात कुठे ओल, बुरशी?"

"छे! परवाच रंग दिलाय," उस्ताद म्हणाले. आपण खोटं बोललो असं त्यांना वाटलंही नाही.

सोबत आलेल्या मुलीने घरी येताच कपाट पुढे ओढलं. ताज्या रंगातून मोहरीएवढे ठिपके वर आले होते.

"बाबा, तुम्ही तिथे काय सांगितलंत?"

"तेव्हा नव्हते गं."

"दिसत नव्हते." तिने आवाज चढवला नाही. "महिनाभर बघते. नाहीतर हिला घेऊन कामाजवळ खोली घेईन. रागावून नाही सांगत, बाबा. तिचा श्वास आहे हा."

दुसऱ्या दिवशी उस्ताद एकटेच दवाखान्यात गेले. नंबर येईपर्यंत टोपी हातात फिरवत बसले. आत गेल्यावर म्हणाले, "बाई, काल मी चुकीचं सांगितलं. आहे बुरशी."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "रंगाने ती झाकली जाते, मरत नाही. केवढी आहे?"

"हात-दीड हात."

"मग घरीच निघेल. पोरीला दिवसभर बाहेर ठेवा. तोंडाला चांगला मास्क, हातमोजे, चष्मा. कोरडं खरवडायचं नाही, कण हवेत उडतात. पांढरं व्हिनेगर, पाणी न मिसळता, फवारून तासभर राहू द्या. मग साबणाच्या पाण्याने पुसून भिंत खडखडीत वाळवा. आणि जोर यावा म्हणून त्यात ब्लीच ओतू नका, विषारी वायू होतो. खोलीचं दार बंद ठेवा, खिडकी उघडी."

रविवारी भिंगरीला शेजारच्या काकूंकडे सोडून उस्ताद जामानिमा करून खोलीत शिरले. पहिल्यांदा खिडकी उघडायला गेले. कडी निघाली, पण खिडकी हलेना. त्यांनी खांदा लावून पाहिला.

मग त्यांच्या लक्षात आलं. घराला रंग देताना दर वेळी त्यांनी या खिडकीचा सांधासुद्धा भरून काढला होता. जोड शोधून दाखवा, असं पाहुण्यांना म्हणत. चार वर्षांत ती कुणी उघडली नव्हती. खोलीतच ओले कपडे वाळत आणि त्यांची वाफ कपाटामागच्या गार भिंतीवर जाऊन बसे.

ते थोडा वेळ पलंगाच्या कडेला टेकले. मग रंग खरवडायचं पातं काढून त्यांनी ते खिडकीच्या सांध्यावरून ओढायला सुरुवात केली.

"बाबा, अहो, रंग निघतोय!" दाराच्या फटीतून बघत मुलगी म्हणाली.

"निघू दे."

चौथ्या धक्क्याला खिडकी कटकन उघडली. चौकटीचे टवके उडाले आणि गार हवा आत आली.

पुढचं काम सावकाश झालं. व्हिनेगरने भिजून फुगलेला रंग त्यांनी ओला असतानाच उतरवला, चिंध्यांसकट पिशवीत बांधून बाहेर टाकला. खाली उघडा गिलावा दिसू लागला. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आलं, कपड्यांची दोरी गॅलरीत गेली.

संध्याकाळी भिंगरीने दारातच नाक धरलं. "आजोबा, भिंतीचं लोणचं घातलंत?"

"हो. मुरायला महिना लागेल."

तो महिना त्यांना जड गेला. रोज सकाळी ते गिलाव्यावर तळहात ठेवून पाहत. दोनदा ब्रश भिजवला आणि दोनदा तसाच धुऊन ठेवला. एकदा कोपऱ्यात तीन ठिपके दिसले. त्यांनी मुलीला हाक मारून ते दाखवले आणि तिच्यासमोरच पुन्हा फवारलं. त्यानंतर भिंत स्वच्छ राहिली.

महिना संपला तरी मुलीने नव्या खोलीचा विषय काढला नाही. भिंगरीचा खोकला पुरता गेला नव्हता, पण ती आता जिन्यात न थांबता वर येत होती.

"वाळली की भिंत," एका सकाळी मुलगी म्हणाली. "द्या आता रंग. लोक काय म्हणतील, उस्तादांच्या घरात असा कोपरा?"

उस्तादांनी गिलाव्यावर हात ठेवला.

"राहू दे अशीच," ते म्हणाले. "बुरशी परत आली तर दिसायला हवी."

आणि खिडकी उघडायला उठले.