एलिव्हेटरची दुसरी सही

अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं.

मी अमरावतीचा, माझा जोडीदार अकोल्याचा. परमुलखातल्या विमानदुरुस्तीच्या हँगरात आम्ही दोघंच वऱ्हाडी, म्हणून एका डब्यात जेवायचो. मोठ्या जेट विमानाच्या शेपटीला आडवे हलते पट असतात, एलिव्हेटर. विमानाचं नाक वर-खाली होतं ते त्यांच्यामुळे. पायलट दांडी ओढतो, तो इशारा तारेतून संगणकाकडे जातो, संगणक शेपटीतल्या हायड्रॉलिक जॅकला हुकूम सोडतो आणि जॅक पट हलवतो. संगणक अनेक, तेलाच्या लाइनी वेगवेगळ्या. एक गेलं तर दुसरं सांभाळतं. पण जॅक पटाला जोडणारा बोल्ट माणूसच आवळतो. म्हणून तिथंही दुसरा लागतो. एकानं बसवायचं, दुसऱ्यानं वर चढून स्वतः तपासायचं, मगच सही करायची.

त्या दिवशी जॅक मी बदलला. खाली उतरलो तर यानं चहा पिता पिता सही ठोकलेली.

"तू केलं ना? मंग काय पाह्याचं!"

मी म्हटलं, चढ. तो हसला. मी सरळ इन्चार्जला सांगितलं. त्याला घरी बसवलं, चौकशी लागली.

सुट्टीत त्याच्या आईनं मला अकोल्याला बोलावून घेतलं. अकोट रोडला त्यांच्या शेतातल्या घरी गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण होतं. निघण्याआधी काकूंनी मला गाठलंच.

"तो वर चढला होता, येवढं सांग फक्त. नवकरी जाईन रे त्याची."

"चढला नव्हता, काकू."

"बोल्ट तं बराबर होता ना? काई बिगडलं का?"

"नाही बिघडलं."

"मंग आपल्याच मानसाच्या पोटावर कायले पाय देऊन राहिला?"

तो बाजूला उभा होता. पुटपुटला, "तुयावर भरोसा होता म्हनून केली सही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्यावर भरोसा! एवढी माणसं बसतात त्या विमानात, आणि मी काय देव लागून गेलो? माझा हात चुकू शकतो म्हणूनच तर ह्याला तिथं उभं केलं होतं. चौकशीत खरं तेच सांगेन, एवढंच मी म्हणालो.

आम्ही बाहेर पडलो. काकूंनी दाराला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि सवयीनं लेकाला म्हणाल्या, "वढून पाह्य बरं एकदा."

त्यानं चांगलं दोनदा ओढून पाहिलं.

"काहून रे," मी ओरडलोच, "तुया मायवर भरोसा नाई काय तुले?"

कुलपावरचा त्याचा हात तसाच राहिला.