बैठकीच्या दारातला पाव्हणा

दारूचं दुकान मला झोपेतही सापडायचं; दारू सोडणाऱ्यांची बैठक शोधायला मात्र अख्खी परळी पालथी घातली. दारात झाडूएवढ्या मिशांचा एक माणूस चहा वाटत होता.

"इथं नाव विचारीत न्हाईत," तो म्हणाला. मला हायसं वाटलं. कुणी ओळखलं तर पळायचंच ठरवलं होतं.

"मामाचं गाव कोणतं?"

"लिंबागणेश."

आणखी दोन प्रश्नांत त्यानं माझ्या सात पिढ्या उकरल्या. "म्हंजे तुमी आमच्या साडूचे भाचे."

मी चपला शोधू लागलो.

"जावा खुशाल, पाव्हणं. पुढच्या बैठकीला आला न्हाईत तर न्यायला येईन. घर कळलंय आता."

पुढची बैठक मी चुकवली. तो खरंच आला, दहा भाकरी जेवला आणि मला फटफटीवर घालून घेऊन गेला. त्याला वाढताना बायको कितीतरी दिवसांनी हसली.