लाल डबा कुणाचा

मुलानं नवा डबा माझ्या मांडीवर ठेवला अन् म्हणाला, "आप्पा, आता चांगल्या कंपनीचा आणलाय. ते चायनाचं डबडं इसरा."

मी विचारलं, "जुना कुठाय?"

"आईच्या सामानात गेला की."

आमच्यात माणूस गेलं की त्याच्या वापरातल्या वस्तू घराण्याच्या स्वामीला, म्हणजे आमच्या जंगमाला, द्यायची रीत आहे. तांब्या, घोंगडी, छत्री, चपला. म्हणजे मागं राहिलेल्या वस्तूत जीव घुटमळत नाही म्हणतात. माझ्या बायकोच्या वस्तू गोळा करता करता मुलानं गोठ्यातल्या कोनाड्यात हात घातला अन् तिथला लाल डबाही गाठोड्यात टाकला. मला कुणी विचारलं नाही. मी भिंतीला टेकून बसलो होतो अन् भेटायला आलेली माणसं एकामागं एक सांगत होती, "बरं झालं, लई हाल न्हाई झाले." ज्यानं हे वाक्य पहिल्यांदा काढलं त्याच्या तोंडात शेण.

डबा म्हणजे गाणी वाजवायचा. पंजात मावणारा, आत नखाएवढं कार्ड. देवणीच्या बाजारात मी तो माझ्यासाठी घेतला होता, शेतात राखणीला गेल्यावर ऐकायला. चार दिवस मी ऐकला. मग तिनं तो धार काढायला गोठ्यात नेला तो नेलाच. मी म्हणायचो, "माझा डबा दे." ती गाईच्या पोटाला डोकं टेकवून म्हणायची, "आले मोठे डब्याचे मालक! गाईला इचारा कुणाचा हाय ते." पुढं गाईनं एकदा लाथ मारून तो भिंतीवर आपटला. तेव्हापासून त्यातून गाण्याबरोबर घरघर निघायची, घसा बसलेल्या माणसासारखी. मी म्हणलं, "फेकून दे आता." तिनं लुगड्याची चिंधी गुंडाळून त्याला कोनाड्यात बसवला. ती घरघर ऐकली की गाय मागचे पाय फाकवून उभी राहायची अन् पान्हा सोडायची.

गाय देवणी जातीची. पांढरी, अंगावर काळे डाग. बायकोच्या माहेराहून आलेल्या कालवडीच्या पोटची. नांदेडच्या दवाखान्यात जायला गाडीत बसली तेव्हासुद्धा बायको मला जपून राहा म्हणाली नाही. म्हणाली, "डबा शेतात नेऊ नका. गाय पान्हा चोरंल."

मी नेला नाही. मुलानं स्वामीला देऊन टाकला.

अन् नवा आणला तो कुठून? नांदेडहून. दवाखान्याचे कागद आणायला गेला होता तिकडून. ज्या गावातून आईला गाडीत आडवी घालून आणली, त्या गावातून बापाला गाणी आणतो. माझ्या पोटचा आहे म्हणून ऐकून घेतलं.

नवा डबा काळा, गुळगुळीत, हातातून निसटतो. बटण दाबलं की आत एक बाई इंग्रजीत बोलते.

मी सुनेला विचारलं, "ही कोण?"

"मामा, ती कंपनीची बाई हाय. डबा चालू झाला म्हणून सांगती."

"चालू झालेला मला दिसतो. तिला गप कर."

"ती गप होत न्हाई मामा."

आमच्या घरातली बोलणारी बाई गेली अन् ही आली. हिला उलटून काही बोलायची सोय नाही.

धार मी काढायला लागलो. कोनाड्यात काळा डबा ठेवला. गाणी तीच होती, मुलानं दुकानात सगळी नव्या कार्डावर भरून घेतली होती. पण आधी ती बाई बोलली अन् गाईनं कान ताठ केले. मग गाणं लागलं, स्वच्छ, मोठं, घासून पुसून ठेवल्यासारखं. गाणं तेच, गळा परका. मी आचळाला हात लावला तर गाय कास वर ओढून उभी. तांब्याचा तळसुद्धा झाकला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिनं मला शेपटीनं तोंडावर झोडपलं. मी तिला शिवी दिली, तिनं मुतून उत्तर दिलं.

मुलगा दारातून बघत होता. म्हणाला, "आप्पा, आटली ती. कडबा मिळंना, टँकरचं पाणी माणसाला पुरंना. येत्या बाजाराला हाळीला नेऊन इकतो."

"आटली न्हाई, चोरती. जुना डबा आण, मग बघ."

"दिलेलं दान माघारी मागू? लोक तोंडात शेण घालतील."

"मग मी मागतो."

"आप्पा, डब्यानं दूध येत असतं का?" असं म्हणून तो हसला. त्याच्या आईला गोठ्यात कधी डोळे भरून बघितलं असतं तर हसला नसता.

बाजाराच्या आदल्या दिवशी काळा डबा खिशात घालून मी जीपनं देवणीला स्वामींकडं निघालो. जीपमध्ये सगळ्यांची एकच चर्चा. उदगीर नवा जिल्हा होणार, आपला तालुका त्यात जाणार. एक पांढऱ्या टोपीवाला मला कोपर मारून म्हणाला, "आप्पा, आता कलेक्टर हाकेच्या अंतरावर!"

मी म्हणलं, "हाक मारायला घशात थुंका पाहिजे. आधी पाणी आण. मग मला कुठल्याबी जिल्ह्यात टाक."

त्यानंतर कोपर लागलं नाही.

स्वामींचं घर देवळाच्या मागं. दारात पोचलो अन् आतून घरघर ऐकू आली. डबा न्हाणीजवळच्या खुंटीला टांगला होता, चिंधी काढून. स्वामींची बायको भाकरी थापत होती अन् तो आपला घसा खरवडत गात होता.

"शरणार्थ," मी म्हणलं.

"शरणार्थ. या आप्पा, बसा. पाणी घ्या," स्वामी म्हणाले.

"पाणी नको. डबा द्या." मी काळा डबा काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "हा घ्या बदल्यात. मोठ्या कंपनीचा हाय. आत बाईबी हाय इंग्रजी बोलणारी."

स्वामी वयानं माझ्याहून लहान, पण आवाज पाटावर बसल्यासारखा. म्हणाले, "आप्पा, दान म्हणजे हाळीचा बाजार न्हाई. मेलेल्या माणसाच्या नावानं आलेली वस्तू बदलून देता येत न्हाई. द्यायची म्हणलं तर तुमच्याच जिवाला घोर."

"माझ्या जिवाचं सोडा. गाय जाती ना."

मी सगळं सांगितलं. भाकरी थापायचा आवाज थांबला. स्वामींची बायको म्हणाली, "अवो, देऊन टाका. फुटकाच हाय, नुसता खरखरतो."

तिला फुटका म्हणायचं काय कारण होतं? तिचा राग आला, पण डबा हवा होता म्हणून गिळला.

स्वामी विचार करून म्हणाले, "एक वाट हाय. डबा तुमचा होता का तिचा? तुमचा असंल अन् चुकून गाठोड्यात आला असंल, तर तो मला ठेवताच येत न्हाई. जित्या माणसाची वस्तू मयताच्या दानात घेणं पाप. एक शब्द बोला. डबा माझा होता म्हणा. आत्ता काढून देतो."

खरंच तर होतं. बाजारातून मी आणला होता. इतकी वर्षं मी हेच तर ओरडत होतो, माझा डबा, माझा डबा. एवढंच परत म्हणायचं होतं.

मी तोंड उघडलं. समोर भांडायला कुणी नाही. "गाईला इचारा" म्हणणारं कुणी नाही. समोरचं माणूस बोलायचं बंद झाल्यावर भांडण जिंकायचं ही चोरीच. खळ्यावरचं धान्य मालक झोपल्यावर उचलावं तशी.

"तिचाच होता," मी म्हणलं.

"मग आप्पा..."

"मग काय मग? ठेवा. अन् इतका मोठा लावू नका. तिला बारीक आवाज लागायचा. चिंधी का काढली?"

काळा डबा उचलला अन् निघालो. स्वामींनी चहासाठी हाक मारली, मी मागं बघितलं नाही.

घरी आलो तर मुलगा गोठ्यात नवा कासरा घेऊन उभा. सकाळची तयारी.

"आणला का डबा?"

"न्हाई."

"मग उद्या नेतो गाय. आप्पा, दूधच देत न्हाई तर ठेवून काय करायचं?"

"दूध मीबी देत न्हाई. मलाबी घाल जीपमध्ये. हाळीला दोघांना एकाच खुंट्याला बांध."

मी त्याच्या हातातला कासरा ओढून घेतला अन् गव्हाणीत फेकला. "मी जिता हाय तवर ही इथंच राहील. मी गेल्यावर स्वामीला दे, नायतर खाटकाला दे, तुला कुठं रीत कळती."

तो पाय आपटत गेला. सुनेनं चुलीपाशी भांडं आदळलं. आदळू दे.

मी तांब्या घेऊन गाईखाली बसलो. खिशातला डबा मांडीला टोचला, बटण दाबलं गेलं अन् ती कंपनीची बाई बोलली. गाईनं मागचा पाय उचलला. रोज मी डबा लाथेपासून लांब, कोनाड्यात ठेवायचो. आज काढला अन् तिच्या खुराजवळ जमिनीवर ठेवला.

"मार," मी म्हणलं. "चांगली जोरात मार."