मुनीरनं मारलेली फुली

मुनीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अहमदपुरातल्या एका दुकानात उभा राहून सोयाबीनच्या बियाण्याबद्दल बोलत होतो. बियाणं विकत गावोगाव फिरणं हा माझा धंदा आणि तोंड हे माझं भांडवल. हे बी नुसतं खिशात ठेवलं तरी उगवतं, सदरा घामानं भिजू द्यायचा नाही एवढंच, इथपर्यंत मी आलो होतो. फोनवर त्याची मुलगी होती, शबाना. "काका, अब्बा गेले," म्हणाली. नांदेडच्या दुकानाचं शटर त्यानं रोजच्यासारखं वर केलं, स्टुलावर बसला आणि बसलेलाच राहिला... मी फोन खिशात टाकला आणि दुकानदाराला म्हणालो, "शेठ, खरं सांगू का, शंभरातले सत्तर उगवतील." त्यानं ऑर्डर निम्मी केली. आयुष्यभराच्या फिरतीत मी उगवण खरी सांगितली ती तेवढ्या एका दिवशी.

मुनीर आणि मी नांदेडच्या आयटीआयत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीला बरोबर होतो. मी तिथून सोल्डरिंगचे चटके घेऊन बाहेर पडलो, तो कान घेऊन. आमची खोली बसस्टँडच्या मागं होती. गाडी वळणावर आली की हा पडल्या पडल्या सांगायचा, "कंधारची. आज ड्रायव्हर नवा हाय, गिअरला रडवून राहिला." एकदा तर चाकाचा नट ढिला असल्याचं त्यानं खोलीतून ओळखलं. हा किस्सा मी सांगतो तेव्हा त्यात साठ प्रवासी मरता मरता वाचतात. तेवढे सोडून द्या. नट मात्र ढिला होता, मी स्वतः वाकून बघितलाय.

पुढं त्यानं दुकान टाकलं. जुने अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे, भंगारात निघालेले स्पीकर आणून त्यांना नवा पडदा बसवायचा, आणि ज्यांचा खिसा लहान पण हौस मोठी अशांना घरचा साऊंड बसवून द्यायचा. बिलोलीपासून लोक यायचे. बाकी दुकानदार आधी बजेट विचारतात, हा विचारायचा, "ऐकणार कोण? बसणार कुठं?" बजेट शेवटी. आणि त्याची विभागणी ठरलेली. मोठा वाटा स्पीकरला, उरलेला अॅम्प्लिफायरला, दिव्यांच्या झगमगाटाला छदाम नाही. ऐकणारा ठरला नाही तर तो गिऱ्हाईक परत पाठवायचा. असा माणूस धंद्यात टिकला कसा, हे मला अजून पुरतं कळलेलं नाही.

माझ्याच घरी ते मला थोडंफार कळलं. लातूरच्या आमच्या घरात रोज संध्याकाळी रेडिओ लागायचा. माझे वडील, दादा, आरामखुर्चीत आणि माय खाली फरशीवर, समोर निवडायची भाजी. माय गेली, त्यात दादांचा कानही कमी झाला. रेडिओ लावला की म्हणायचे, "बंद कर बाबा, सगळे भांडून राहिल्यासारखं वाटतंय." मग खुर्ची रिकामी पडली. दादा दिवसभर बाहेरच्या पायरीवर, रस्त्याकडं तोंड करून. घरात यायचे ते जेवायला आणि झोपायला. मला एवढंच पाहिजे होतं की त्यांनी पुन्हा आत येऊन त्या खुर्चीत बसावं.

माझी अक्कल बियाण्याच्या पोत्याएवढी. ऐकू येत नाही तर आवाज मोठा करा. हैदराबादहून माणसाच्या उंचीचे दोन टॉवर स्पीकर आणले, खोक्यावर चार हजार वॅट लिहिलेले. लावले, तर माझी बायको सुमन हिच्या फडताळातले डबे आपापसांत जागा बदलू लागले. शेजाऱ्यांचा देवणी बैल दावं तोडून निघाला, तो थेट औशाच्या पुढं सापडला. दादा पायरीवरून उठले, आत डोकावले आणि म्हणाले, "शिवा, ह्यापेक्षा मी पुरता बहिरा झालेला बरा." आणि तिथून पुढं ते पायरीवरही बसेनात. थेट मारुतीच्या पाराकडं जाऊ लागले.

मी मुनीरला फोन केला.

"किती वॅटचं आणलं?"

"चार हजार."

"घरात राहता का मैदानात?" तो म्हणाला. "देवणीच्या मंडपवाल्याला विकून टाक. रविवारी येतो. तुझ्या मायचा आवाज असलेली कॅसेट होती ना, ती काढून ठेव."

तो लाल बसमधून आला, पाठीवर सोयाबीनचं रिकामं पोतं. पोत्यात तीन जोड्या स्पीकर आणि एक जुना अॅम्प्लिफायर. पोतं खाली ठेवलं, पण उघडलं नाही. आधी पारावर जाऊन दादांशेजारी तासभर गप्पा मारत बसला. मला वाटलं, पाहुणचार चाललाय. परत आल्यावर म्हणाला, "दादांना आवाज कमी पडत नाही रे. शब्द कमी पडतात. ते माझ्या ओठांकडं बघून ऐकून राहिले. तू ढमढम वाढवली, शब्द तिच्याखाली दबून मेले." मग खोलीच्या मधोमध उभा राहून त्यानं एकच टाळी वाजवली आणि डोकं वाकडं करून थांबला. "भिंत लई बोलती तुझी. हिला आधी गप्प करू." सुमनकडून वाकळ मागून घेतली आणि भिंतीवर टांगली. मग स्पीकर कोपऱ्यातून पुढं ओढून स्टुलांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवले.

मी म्हणालो, "एखादं चांगलं गाणं लावून बघू."

"गाणं कशावर बी चांगलंच वाटतं. गाणारा तुझ्या घरात कधी राहिला का? तो खरा कसा बोलतो तुला काय माहीत? घरच्या माणसाचा आवाज लावायचा. ऐकणाऱ्यानं खोक्याकडं बघितलं तर फेल. दाराकडं बघितलं तर पास."

ती कॅसेट म्हणजे आमचा टेपरेकॉर्डर नवा होता तेव्हाची गंमत. मायपुढं माईक धरला होता. तिला काय बोलावं सुचेना, मग ती दादांनाच बोलली होती. दादांना बोलावून खुर्चीत बसवलं. काय चाललंय ते सांगितलं नाही. पहिली जोडी लावली. दादांनी खोक्याकडं बघितलं, "कोण बाई बोलून राहिली?" मला घाम फुटला. दुसरी जोडी दिसायला झकास. पुन्हा खोक्याकडंच. तिसरी जोडी सगळ्यात कळकट, कापड फाटलेलं, उंची वीतभर. मुनीरनं बटण किंचित फिरवलं, घड्याळातल्या नवाच्या जागेपर्यंत.

"ह्यात काय बोलू बाई... अहो, चहा निवून राहिला, उठा की."

दादांनी मान वळवली ती स्वयंपाकघराच्या दाराकडं. "उठतोच की," म्हणाले, आणि दोन्ही हात खुर्चीला टेकून खरंच अर्धे उठले.

मग थांबले. मी आयुष्यात बऱ्याच थापा मारल्यात, आभाळ फाटल्याच्या, जमीन हलल्याच्या. पण एका माणसानं पोत्यातून आणलेल्या भंगारातून मेलेली बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी केली, ही थाप मला कधी सुचली नसती... मुनीर आमच्याकडं पाठ करून वायर गुंडाळत बसला होता. दादा हळूच खाली बसले आणि म्हणाले, "मुनीर, पुन्हा लाव बाबा."

जायच्या आधी त्यानं खोका म्हणजे फेल, दार म्हणजे पास, ही परीक्षा दादांनाही सांगितली, खुर्ची पुढंमागं सरकवली आणि माझ्याकडून पांढरा ऑइलपेंट मागून घेऊन शहाबादी फरशीवर एक फुली मारली. "खुर्ची हितंच. वीतभर बी सरकली तर मला नांदेडात कळंल." तेव्हापासून दादा रोज संध्याकाळी आत. सुमन आठ वर्षं फुलीवर फडकं मारतेय, फुली जागची हलली नाही.

मुनीर वारला त्याच्या थोडे दिवस आधी त्याचा मोबाईलवर आवाजी निरोप आला होता. गडबडीत मी ऐकला नव्हता. परवा संध्याकाळी दादा खुर्चीत होते, मी मोबाईलची वायर त्याच अॅम्प्लिफायरला जोडली आणि तो लावला. बटण नवावर होतं.

"शिवा, ऐक. स्पीकरच्या कडंचा फोम आता जुना झाला असंल. मी येतो बसवायला. तोवर नवाच्या पुढं नेऊ नको. आणि दादांना म्हणावं, चहा ठेवा."

ह्यात मी काहीही वाढवलेलं नाही. दहाव्याला कब्रस्तानात जाऊन त्याच्या मातीवर फुलं ठेवून आलेला मी, मी दाराकडं बघितलं. चप्पल काढल्याचा आवाज येईल म्हणून थांबलोसुद्धा. मग खुर्चीकडं वळलो, तर दादांची मान दाराकडंच होती.



"पास," ते म्हणाले.