साडूंचं झाड आणि माझी कात्री

मत्सर हा अज्ञानातून जन्माला येतो आणि ज्ञानाचा प्रकाश पडला की आपोआप मावळतो, असं सगळी थोर माणसं सांगून गेली आहेत. मी हायड्रेंजिया या फुलझाडावर तीन पुस्तकं वाचली. तिसरं संपलं, त्याच्या पुढच्याच रविवारी मी माझ्या साडूंच्या घरात घुसून त्यांचं झाड चोरलं.

‘घुसून’ हा शब्द जरा कडक झाला. किल्ली त्यांनीच दिली होती. (झाड दिलं नव्हतं.)

साडू म्हणजे अरविंदराव. माझी बायको नीला, तिच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे शैलाताईंचे यजमान. आम्ही गिरगावात चाळीत, ते दादरला ब्लॉकमध्ये. या गृहस्थांना काहीही न करता सगळं मिळत आलं आहे. आंब्याची पेटी आम्ही दोघं एकाच माणसाकडून घेतो; त्यांच्या पेटीत डागी आंबा निघत नाही. त्यांनी हात वर करायच्या आत टॅक्सी थांबते. मी मात्र तीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून दुसऱ्यांच्या चुका काढतो आहे आणि अजून टॅक्सीवाले माझ्याकडे बघून मान हलवतात.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात दोन्ही कुटुंबं पाचगणीला गेली होती. तिथल्या एका नर्सरीत हायड्रेंजियाची रोपं होती. एकाच रांगेतली, एकाच उंचीची, शेजारी शेजारी. मी डावं उचललं, अरविंदरावांनी उजवं. (उजव्यावर आधी माझा हात होता, असं मला स्पष्ट आठवतं. ही आठवण मला दोन वर्षांनी आली.)

मी माझ्या रोपासाठी मातीची कुंडी आणली, तळाशी विटांचे तुकडे घातले, शेणखत चाळून घेतलं. हायड्रेंजियाच्या मातीला तुरटीचं पाणी दिलं की फुलं निळी येतात असं कळल्यावर दर पंधरा दिवसांनी तुरटीचं पाणी सुरू केलं. मूल व्हायच्या आधी बारशाची तयारी! अरविंदरावांनी त्यांचं रोप रंगाच्या रिकाम्या डब्यात खुपसलं आणि आत जाऊन झोपले.

पुढच्या मे महिन्यात त्यांच्या झाडाला चार फुलं आली. फुलं म्हणजे काय, फ्लॉवरच्या गड्ड्याएवढे गुलाबी गुच्छ! शैलाताईंनी घरच्या ग्रुपवर अकरा फोटो टाकले. अकराव्या फोटोत झाडाशेजारी अरविंदराव बनियनमध्ये उभे होते आणि झाड त्यांनीच घडवल्यासारखे हसत होते.

माझ्या झाडाला पानं आली. भरपूर. शेजारच्या पाटणकर काकू दोन दिवस गॅलरीतून येता-जाता बघत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “अळू छान आलंय हो तुमचं. फदफद्यापुरतं द्याल?”

मी अरविंदरावांना फोन केला. सहज. अगदी सहज.

“काय घालता हो झाडाला?”

“पाणी.”

“ते झालंच. आणखी?”

“पाणीसुद्धा शैलाच घालते. मला वाटतं, ती घालते. अगं शैला, तू घालतेस ना?”

आतून शैलाताईंचा आवाज आला, “मला वाटलं, तुम्ही घालता!”

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आमच्या घरात वडलांपासून एक रीत आहे. दसरा झाला की कात्रीला धार लावून आणायची आणि गॅलरीतल्या गुलाबांची छाटणी करायची. पहिल्या वर्षी गुलाब झाल्यावर मी हायड्रेंजियावरही कात्री फिरवली होती. दुसऱ्या वर्षी, फुलं न आल्याची शिक्षा म्हणून, आणखी खोल फिरवली. तो माझा स्वभावच आहे. मजकूर असो की झाड, वाढलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात. दुसऱ्या मे महिन्यात अरविंदरावांकडे सात फुलं आली. माझ्याकडे पुन्हा अळू.

या सगळ्यात खरा घाव घातला तो सासूबाईंनी. त्या मूळच्या मालवणच्या, साठ वर्षं लालबागला. जावयांचा मान ठेवतात, पण शब्दांना साखर लावत नाहीत. दादरला जाऊन ती सात फुलं डोळे भरून बघून आल्या आणि माझ्या गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या.

“काय जावयांनू, तुमच्या झाडाक नुसती पानाच?”

“येतील. यंदा नक्की.”

“गेल्या वर्षी पण असाच म्हणाला होतात.” मग नीलाकडे वळून, “पुढच्या मेमध्ये माझी पंचाहत्तरी. औक्षणाच्या ताटात माका हीच फुला व्हयी. अरविंदरावांका सांगून ठेव.”

अरविंदरावांका! माझ्या गॅलरीत बसून, माझ्या हातचा चहा पिऊन, माझ्या तुरटीच्या देखत! मी तिथल्या तिथे ठरवलं. पंचाहत्तरीच्या ताटात फुलं पडतील तर माझ्या कुंडीतली.

मग पुस्तकं आली. पुस्तकं म्हणत होती की, हायड्रेंजिया दोन स्वभावांचे असतात. एक प्रकार जुन्या फांदीवर फुलतो. तो पुढच्या वर्षाच्या कळ्या आदल्या वर्षीच फांदीच्या टोकाशी गुपचूप तयार करून ठेवतो. त्याला छाटायचं ते फूल सुकल्या सुकल्या, आणि तेही सुकलेल्या गुच्छापुरतं. नंतर कात्री लावलीत तर कळ्याच कापल्यात म्हणून समजा. दुसरा प्रकार नव्या फांदीवर फुलतो. त्याला थंडी सरताना वीतभर ठेवून निर्दयपणे कापा, तो त्याच वर्षी दुप्पट जोमाने फुलतो. टोकदार, शंकूसारखे गुच्छ येणारे बहुतेक या दुसऱ्या जातीतले.

सामान्य बुद्धीच्या माणसाला यातून उत्तर मिळालं असतं. दोन्ही झाडं एका रांगेतली, म्हणजे एका जातीची. एक छाटलं म्हणून फुललं नाही, दुसरं छाटलं नाही म्हणून फुललं. पण यातून असं निघत होतं की, अरविंदरावांच्या आळसाला फळ आलं आणि माझ्या कष्टांनी झाड वांझ राहिलं. हे मला मान्य नव्हतं. मी मान्य न करता पुढे वाचलं.

एका तळटीपेत मला हवं ते सापडलं. नव्या फांदीवर फुलणारी, गोल गुच्छांचीही एक जात असते म्हणे. झालं! अरविंदरावांचं झाड त्या उदार, दिलदार जातीचं. माझ्या नशिबी जुन्या फांदीचं रुसकं. रोपांची अदलाबदल पाचगणीलाच झाली होती! त्या जातीची फुलं पांढरी असतात, गुलाबी-निळी फुलं जुन्या फांदीवरच येतात, असंही तिथे स्पष्ट छापलं होतं. पण पुस्तकांत चुका असतात हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मी पेन्सिल घेतली आणि समासात दुरुस्ती केली.

त्या वर्षी दसऱ्यानंतर मी माझ्या रुसक्या झाडाला कात्री लावली नाही. पण त्याचा काही भरवसा वाटेना. जानेवारीत अरविंदराव आणि शैलाताई आठ दिवस गावच्या जत्रेला निघाले आणि झाडांना पाणी घालायला किल्ली आमच्याकडे देऊन गेले. तेव्हा नियतीच्या मनात काय आहे ते मला कळलं.

रविवारी नीला लालबागला आईकडे गेली. मी माझं झाड मुळांच्या मातीसकट प्लास्टिकच्या टबात ठेवलं, वर चादर पांघरली आणि खाली उतरलो. तीन टॅक्सीवाले नाही म्हणाले. चौथ्याने चादरीकडे बघून हात जोडले.

“मूर्ती है क्या, साहब?”

“वैसाही समझो.”

“फिर बैठो. आराम से चलाऊंगा।”

दादरला अरविंदरावांच्या बाल्कनीत मी तासभर घाम गाळला. त्यांचं झाड डब्यातून उपसलं, माझं डब्यात रोवलं, सांडलेली माती शैलाताईंच्या केराच्या सुपलीने भरली. खाली वॉचमनने मला पुन्हा झाड घेऊन जाताना पाहिलं.

“साहेब, आणलंत तेच परत नेताय?”

“आवडलं नाही त्याला इथे,” मी म्हणालो.

घरी आल्यावर एक अडचण लक्षात आली. अरविंदरावांचं झाड माझ्या छातीला लागत होतं. माझं गुडघ्याच्या जरा वर होतं. नीला आल्या आल्या ओळखणार! पण माझ्याकडे विद्या होती. नव्या फांदीवर फुलणारी जात, थंडीचे दिवस. शास्त्रच सांगत होतं, कापा. मी कात्री घेतली आणि ते डेरेदार झाड वीतभर ठेवून साफ केलं. एका कात्रीत पुरावाही नष्ट आणि फुलंही दुप्पट! इतकं समाधान मला पहिल्या पगाराच्या दिवशीही झालं नव्हतं.

नीला आली. गॅलरीत उभी राहून तिने कुंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“छाटलंत?”

“शास्त्रोक्त.”

“बरं,” असं म्हणून ती भाजी निवडायला बसली. या ‘बरं’मुळे मी सावध व्हायला हवं होतं.

आठवड्याने शैलाताईंचा फोन आला. “भावोजी, झाड लहान दिसतंय हो.”

“थंडीत आक्रसतं,” मी गंभीरपणे सांगितलं. “उन्हाळ्यात पूर्ववत होईल.”

“बाई! इतकं वाचन हवं माणसाचं.”

अरविंदरावांना फरक जाणवलाच नाही. ते त्या बाजूला बघतच नसत.

मे उजाडला. माझ्या कुंडीतल्या खुंटांना पानं फुटली. टवटवीत, रुंद, हिरवीगार. पाटणकर काकू म्हणाल्या, “यंदा तरी द्या हो थोडं.” मी रोज सकाळी भिंग घेऊन फांद्यांची टोकं बघत होतो. भिंगातून पानं मोठी दिसत, एवढाच फरक.

पंचाहत्तरी दादरलाच होती. मी जड पावलांनी, एक तयार हार घेऊन गेलो. दार उघडल्या उघडल्या शैलाताई ओरडल्या, “भावोजी, बाल्कनीत चला! चमत्कार!”

गुडघ्याच्या जरा वर आलेल्या त्या झाडावर नऊ गुच्छ होते. नऊ! आणि गुलाबी नाहीत. निळे. पावसाळ्यात खाडीवर आभाळ उघडतं तसे निळे. तीन वर्षं मी पाजलेली तुरटी त्या डब्यात उभी राहून हसत होती.

सासूबाईंना खुर्चीवर बसवलं होतं. ताटात सुपारी, अंगठी, दिवे, आणि मध्ये एक निळा गुच्छ. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अरविंदराव, ह्या कसा केलात ओ? निळा?”

“काही नाही हो, आई,” अरविंदराव नम्रपणे म्हणाले. “मी कुठे काय करतो!”

अक्षरशः खरं होतं! शब्दाशब्दाने खरं! आणि लोक त्यालाच विनय समजत होते! “किती साधे आहेत,” मागून कोणीतरी म्हणालं. मी जीभ दाताखाली धरली. कबूल केलं तर चोर, गप्प बसलो तर पुन्हा अरविंदराव. मी गप्प बसणार होतो. खरंच बसणार होतो. पण सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि प्रेमाने म्हणाल्या, “बघा जावयांनू. शिका कायतरी.”

“ते झाड माझं आहे!”

आवाज माझाच होता. भरल्या घरात, औक्षण चालू असताना. दिवा हलला. मग सगळंच बाहेर पडलं. टब, चादर, टॅक्सी, तुरटी, तळटीप.

सासूबाईंनी गुच्छ सावकाश ताटात ठेवला.

“म्हणजे तुम्ही साडवाचा झाड चोरलात. आणि त्याका स्वतःचा देवन आलात.”

“तसं म्हटलं तर...”

“आणि चोरलेला खय आसा?”

“ते... छाटलं.”

अरविंदराव हसायला लागले. रागावले असते तर परवडलं असतं. हसत हसतच त्यांनी मला मिठी मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “अहो, मागायचं होतं! घेऊन जा. दोन्ही तुमचीच. मला एकही सांभाळता येत नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यासाठी.

परतताना टॅक्सीत ते झाड आम्हा दोघांच्या मध्ये होतं. (टॅक्सी अरविंदरावांनी थांबवून दिली.) मी नीलाला विचारलं, “तुला काहीच कळलं नव्हतं?”

“जानेवारीतच कळलं. ताईने त्या झाडाच्या बुंध्याला लाल नाडा बांधला होता, दृष्ट लागू नये म्हणून. तुम्ही वरचं सगळं कापलंत, नाडा तसाच ठेवलात.”

“मग बोलली का नाहीस?”

“म्हटलं, आपलं झाड तुमच्या कात्रीपासून लांब गेलंय, तर यंदा आईला फुलं बघायला मिळतील.”

त्यानंतर मी पुस्तकाच्या समासातली माझी दुरुस्ती खोडरबराने पुसून टाकली. निळे गुच्छ सुकल्याबरोबर नियमाप्रमाणे तेवढेच खुडले, एक पानही जास्त नाही. दोन्ही झाडं जुन्या फांदीवर फुलणारी, हे मी आता चारचौघांत सांगतो. मात्र दसरा झाला तेव्हा कात्रीला नुकतीच धार लावून आणली होती आणि गुलाब लवकर आटोपले. पुढचं मला नीट आठवत नाही.

यंदाच्या मे महिन्यात माझ्या गॅलरीत दोन हायड्रेंजिया आहेत. दोन्हींना पानं आहेत. अरविंदरावांच्या रिकाम्या डब्यात कढीपत्ता आपोआप उगवला आहे. आमच्या घरी तिथूनच येतो.