पाळण्यातली सोबतीण

महाळुंगे पडवळच्या फुलाबाई काय काम करतात, हे नव्या माणसाला चटकन समजत नसे. माघात यात्रा सुरू झाल्या की वैशाखापर्यंत त्या चिमाजींच्या आकाशपाळण्यात बसायच्या. ज्या बायका एकट्या असत आणि घाबरत, त्यांच्या शेजारी. बाई खाली उतरली की फुलाबाई पुढचीला घेऊन पुन्हा वर.

त्यांचे यजमान तुळशीदास त्याच पाळण्याचं डिझेल इंजिन चालवायचे. इंजिनाचा पट्टा, ब्रेक, वंगण, सगळं त्यांच्याकडे. फुलाबाई सुरुवातीला पाळण्यावरच्या माणसांच्या भाकरी थापायच्या. नव्वदच्या सुमाराला एका यात्रेत एक बाई चाक अगदी वर असताना पाळण्यात उठून उभी राहिली. खालून सगळी जत्रा बघत होती. तुळशीदासांनी चाक सावकाश खाली आणलं तेव्हा तिची दातखीळ बसलेली. चिमाजी हबकले. यापुढे एकटी बाई वर सोडायची नाही म्हणाले, आणि दुसरं कुणी नव्हतं म्हणून फुलाबाईंना पिठाच्या हातांनिशीच पाळण्यात बसवलं. पहिल्या दिवशी त्यांनाच उलटी झाली.

मग सरावल्या. नुसत्या सरावल्या नाहीत, त्यांना माणसांची भीती ओळखू यायला लागली. किंकाळ्या मारणारीची त्या काळजी करत नसत. तिची भीती तोंडावाटे निघून जाते, म्हणायच्या. गप्प होणारीला जपायचं. चढताना काही वाटत नाही, चाक उतरायला लागलं की पोटात खड्डा पडतो. आणि फिरण्यापेक्षा चाक वर थांबतं तेव्हा माणूस जास्त खचतं. म्हणून घाबरट बाई बसली की त्या डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर टाकायच्या. ती खूण खालून बघून तुळशीदास वेग उतरवायचे आणि तो पाळणा वर अडकू द्यायचे नाहीत. दांडी धरू नको, माझा हात धर, एवढंच त्या बाईला सांगायच्या. हंगाम संपेपर्यंत त्यांच्या मनगटांवर नखांचे वळ असायचे. घरी आल्यावर मुलगी कल्याणी त्यांना खोबरेल लावायची.

शहाण्णवच्या माघात ओझरला गणेशजयंतीची यात्रा भरली होती. दुपारी गर्दी जरा कमी असताना कुकडीकाठच्या एका गावचं कुटुंब पाळण्यापाशी आलं. सासू, नणंद, सयाजी नावाचा नवरा आणि त्याची बायको कौसल्या. लग्नाला वर्ष झालं असेल नसेल. नणंद आपल्या मैत्रिणींबरोबर बसली. कौसल्या मागे सरकली, तेव्हा सयाजीनं तिला दंडाला धरून पुढं आणलं.

"हिला बसवा मावशी. लई भित्री हाय. एकदाची भीती मोडंल."

सासू हसली. फुलाबाईंना त्या हसण्याचं काही वाटलं नाही. असं हसणारी माणसं रोजच यायची. त्यांनी पोरीला शेजारी घेतलं आणि पदर खांद्यावर टाकला.

फुलाबाईंचं मनगट तिनं दोन्ही हातांनी धरलेलं. चाक वर गेलं, जत्रेचा गलका खाली राहिला, आणि तिची पकड सुटली. विघ्नहराचं शिखर, पलीकडं येडगाव धरणाचं पाणी, त्यावरचं ऊन. ती मान वळवून बघायला लागली. कळंब कुठल्या अंगाला, असं तिनं विचारलं. फुलाबाईंनी दक्षिणेकडं बोट केलं आणि म्हणाल्या, मी तिथलीच जवळची, महाळुंग्याची. मग ती बोलायला लागली. कुंडलिकांची थोरली मी, आमचा मळा नाशिक रोडच्या खालच्या बाजूला, आई अजून गाईचं दूध स्वतः काढती. बोलताना ती हसलीसुद्धा.

चाक उतरायला लागलं तसे तिचे हात परत मनगटावर आले. फुलाबाईंना वाटलं, नेहमीचं, पोटातला खड्डा. पण पाळणा पुन्हा वर निघाल्यावर ती सैल झाली आणि पुन्हा उतरताना आवळली, तेव्हा त्यांनी तिच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. ती जमिनीकडं बघत नव्हती. गर्दीत उभ्या असलेल्या सयाजीकडं बघत होती.

फेऱ्या संपत आल्या. बाकीचे पाळणे रिकामे व्हायला लागले.

"मावशी, मला खाली उतरवू नका," ती म्हणाली.

आवाज अगदी साधा होता, पाणी मागावं तसा. फुलाबाईंनी तुळशीदासांना हातानं खूण केली, आणखी फिरवा म्हणून. त्यांनी फिरवलं. चिमाजी खालून ओरडायला लागले, रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. काय झालंय पोरी, असं फुलाबाईंनी विचारलं, पण ती परत बोललीच नाही. शेवटी पाळणा खाली थांबला आणि सयाजीनं दांडी उघडली.

फुलाबाईंना त्या घटकेला जे सुचलं ते त्यांनी केलं. सासूला म्हणाल्या, हिला वर चक्कर आली, आज काही काम लावू नका, निजू द्या. निदान एक रात्र तरी पोरीला कुणी बोलणार नाही, एवढाच त्यांचा हिशोब. सासूनं मान हलवली. कौसल्या त्यांच्या मागून चालत गेली, तिनं वळून पाहिलं नाही.

उन्हाळ्यात यात्रा संपवून फुलाबाई घरी आल्या, तेव्हा कळंबच्या कुंडलिकांची लेक गेल्याचं कानावर आलं. कालव्यावर धुणं धुताना पाय घसरून पडली म्हणे. कुंडलिक आणि त्यांची बायको साळुबाई मानायला तयार नव्हते. पोर वाहत्या पाण्याला लहानपणापासून भ्यायची, ती एकटी कालव्यावर जाईलच कशी, असं साळुबाई भेटेल त्याला सांगायच्या. अंगावर जुने वळ होते, असंही लोक दबक्या आवाजात म्हणायचे.

फुलाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मग एका सकाळी उठून कळंबला चालत गेल्या. कुंडलिकांच्या दारात त्या कधी गेलेल्या नव्हत्या. त्या घरची माणसं आणि यांची वस्ती, दोन्हींत उठबस नव्हती. त्या अंगणातच थांबल्या. साळुबाई बाहेर आल्या, कोण कुठली ते ऐकलं, आणि त्यांना हाताला धरून घरात नेलं.

पाळण्यातलं सगळं ऐकून साळुबाईंनी एकच विचारलं, की ती वर हसली का. हसली, मळ्याचं सांगताना हसली, असं फुलाबाई म्हणाल्या. मग साळुबाईंनी आपलं सांगितलं. संक्रांतीला पोर माहेरी आली होती आणि मला जायचं नाही म्हणाली होती. त्यांनीच समजूत घालून तिला परत पाठवलं होतं.

सयाजीवर आणि त्याच्या आईवर केस उभी राहिली. फुलाबाईंनी साक्ष द्यायचं कबूल केलं, तेव्हा घरात वाद झाला. तुळशीदास मारकुटे नव्हते, फारसे बोलणारेही नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच, की आपल्याला त्याच गावांतून फिरायचंय, त्यांच्याच यात्रांवर आपली चूल. त्यात आपण कोण नि ते कोण. फुलाबाईंनी ऐकून घेतलं आणि भांडी घासायला गेल्या. कोर्टाची तारीख आली त्या दिवशी त्या एस.टी.त बसल्या, तर मागच्या दारानं तुळशीदास चढले. इस्त्रीचा सदरा घालून. येऊन शेजारी बसले.

सरकारी वकिलांनी विचारलं ते त्यांनी सांगितलं. मग सयाजीचा वकील उठला. तो आवाज चढवणारा नव्हता. पाळणा उतरताना बायका घाबरतात का, असं त्यानं विचारलं. घाबरतात. सगळ्याच? बहुतेक सगळ्याच. खाली उतरवू नका, थांबवा, देवाचं नाव, आईचं नाव, काहीबाही बोलतात का? बोलतात. फुलाबाईंनी खरं होतं ते सांगितलं. त्यांना दुसरं सांगता येत नव्हतं.

"तिला चक्कर आली, असं तुम्हीच तिच्या सासूला सांगितलंत ना?"

"म्हनले व्हते. पर चक्कर आली नव्हती."

"मग खोटं का सांगितलंत?"

"तिला कुणी बोलू नये म्हनून."

"म्हणजे तुम्ही गरज पडली की खोटं बोलता."

वकील न्यायाधीशांकडं वळून सांगू लागला. मुलीला चक्कर येत होती, सरकारी पक्षाचा साक्षीदारच तसं म्हणाला होता, आणि चक्कर येणारी बाई कालव्याच्या काठावरून पडू शकते. पुढं तो काय बोलला ते त्यांना नीट ऐकूच आलं नाही. पोरीला एक रात्र मिळावी म्हणून उच्चारलेले ते शब्द आता तिच्याच विरुद्ध चालले होते, आणि त्यांना अडवायला फुलाबाईंकडं काही नव्हतं.

सयाजी आणि त्याची आई सुटली. निकालाच्या दिवशी कुंडलिक कोर्टाच्या पायरीवर बसले ते उठेनात. त्यांना दोघांनी धरून उभं केलं. साळुबाई फुलाबाईंजवळ आल्या. त्यांचं मनगट धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

पुढच्या हंगामात कुकडीकाठच्या चार-पाच गावांच्या यात्रा कमिट्यांनी चिमाजींना कळवलं, की ती बाई असेल तर पाळणा आणू नका. चिमाजी वाईट माणूस नव्हते. ते महाळुंग्याला येऊन ओट्यावर बसले, चहा प्यायले, आणि यंदा फुलाबाईंनी घरीच थांबावं असं खाली बघून म्हणाले. तुळशीदासांना मात्र बरोबर यायला सांगितलं. तुळशीदासांनी इंजिनाचे पाने आतून आणून त्यांच्यापुढं ठेवले आणि म्हणाले, मग मलाबी जमनार न्हाई भाऊ. नंतर ते मंचरला एका गॅरेजात लागले. फुलाबाई दुसऱ्यांच्या बटाट्याच्या काढणीला जाऊ लागल्या. यात्रेचा कर्णा लांबून ऐकू आला की त्या घराचं दार लावून घ्यायच्या. जेवताना मधेच थांबायच्या.

कल्याणी शिकली, नर्स झाली. दोन हजार सहा साली ती आणि तिच्या बरोबरच्या मुली मुंबईच्या बाजूला एका मोठ्या पार्कात निघाल्या, तेव्हा तिनं आईला ओढूनच नेलं. तिथं रोलर कोस्टर होता. मुली लांबूनच मागं सरकल्या. कल्याणी म्हणाली, आई, तू सांग, आम्हाला झेपेल का. फुलाबाई रांगेकडं गेल्या नाहीत. माणसं उतरून बाहेर येतात त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि येणाऱ्यांचे चेहरे बघत राहिल्या. परत येऊन त्यांनी सांगितलं, शेवटच्या डब्यात बसू नका, तिथं फेकल्यासारखं व्हतं, मधे बसा. पहिला उतार तेवढा वाईट हाय. वरडायचं पोटभर. एका मुलीचा हात हातात घेऊन मात्र त्या म्हणाल्या, ही नको. तिला त्यांनी आपल्यापाशी बसवून घेतलं. स्वतः त्या कशातच बसल्या नाहीत.

सयाजीनं केव्हाच दुसरं लग्न केलं होतं. फुलाबाईंनी ती बाई पाहिली नव्हती. दोन हजार आठच्या थंडीत मंचरच्या एस.टी. स्टँडवर एक तिशीची बाई त्यांच्या शेजारी येऊन बसली. मांडीवर भाजीची पिशवी. तिनं दोनदा यांच्याकडं पाहिलं.

"तुमी पाळन्यावाल्या फुलाबाई ना?"

तिनं आपण कुणाच्या घरातली ते सांगितलं. फुलाबाईंनी सवयीनं तिच्या हातांकडं पाहिलं. हात स्थिर होते, पिशवीचे बंद धरलेले. चेहऱ्यावरूनही त्यांना काही ठरवता आलं नाही.

"घरात तुमचं नाव निघतं," ती बाई म्हणाली. "त्यांनी हात उगारला की सासू आडवी येती. म्हनती, परत कोर्टात कुनी बाई हुबी ऱ्हाईल, परत गावभर व्हईल."

"मंग थांबतो का?"

"कदी थांबतात. कदी न्हाई."

फुलाबाईंनी तिला आपल्या घराची खूण सांगितली. महाळुंग्यात उतरून कुणालाही तुळशीदास इंजिनवाले विचार, कुठल्याही वेळेला ये, दार उघडंच असतं. नारायणगावची गाडी लागली तशी ती बाई उठली, पदर सारखा केला आणि गर्दीत शिरली. खिडकीपाशी तिला जागा मिळाली नाही. गाडी स्टँडाबाहेर जाईपर्यंत दांडीला धरून उभी असलेली ती फुलाबाईंना दिसत होती.