लाल ठिपक्यामागचे भावोजी

ऑफिसात तिला सगळे जाळीवाली म्हणत, कारण तिच्या स्क्रीनवर कायम ठिपक्यांचं आणि बाणांचं जाळं पसरलेलं असे. तिची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. आजकाल कुठलाही प्रोग्रॅम कुणी पहिल्या ओळीपासून लिहीत नाही. इतरांनी लिहून जगासाठी मोकळी ठेवलेली पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमचे तयार तुकडे, उचलायची आणि त्यांवर आपला डोलारा उभा करायचा. ती पॅकेजेस पुन्हा दुसऱ्याच कुणाच्या जिवावर उभी असतात. उद्या त्यातलं कुठलं ढासळलं तर सगळ्यात जास्त पडझड होईल, हे शोधायचं काम साहेबांनी तिच्यावर सोपवलं होतं.

तिच्या जाळ्यात प्रत्येक पॅकेज म्हणजे एक ठिपका, आणि ते ज्याच्यावर टेकलेलं त्याच्याकडे एक बाण. सुरुवातीला तिने नुसते बाण मोजले. ज्या ठिपक्याकडे जास्त बाण, तो मोठा. सगळी नावाजलेली पॅकेजेसच वर आली आणि साहेब म्हणाले, हे तर मी झोपेतही सांगितलं असतं. मग तिने पद्धत बदलली. बाण किती यापेक्षा ते कुणाकडून आलेत, हे धरलं. वजनदार पॅकेज ज्याच्यावर टेकलंय, त्याचंही वजन वाढवलं. गणित पुन्हा चालवलं आणि सगळ्यात वर आलं एक चिमुकलं, कुणाच्या खिजगणतीतही नसलेलं पॅकेज. वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेल्या तारखा ओळखायच्या, एवढंच त्याचं काम. ते सांभाळणारा माणूस एकटाच होता, आणि तो तिच्या ताईचा नवरा होता.

भावोजींना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. जिवाला घोर लागेल असं काही करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून ते नोकरी सोडून घरीच असत. जिन्याखालच्या खोलीत, इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्याशेजारी बसून ते सकाळभर त्या पॅकेजमध्ये डोकं घालत. ताई त्याला 'ह्यांचं तारखांचं खूळ' म्हणे, पण मन रमतंय म्हणून चहा तिथेच नेऊन देई. जाळीवालीनेही त्या खुळाची पोटभर थट्टा केलेली होती.

आता मात्र तिचा ऊर भरून आला. एका मोठ्या परिषदेत ह्या जाळ्याचा नकाशा दाखवायचं ठरलं, तेव्हा माणसाचं नाव गाळावं असं साहेबांनी सुचवलं. तिने गाळलं नाही. भावोजींना विचारलंही नाही. त्यांना चकित करायचं होतं. शिवाय भरल्या सभागृहात 'हे माझे भावोजी' असं म्हणायची तिची हौस होतीच. पडद्यावर मोठा लाल ठिपका आला, खाली त्यांचं नाव. टाळ्या पडल्या.

त्यानंतर भावोजींच्या मागे सगळं जग लागलं. कंपन्या लांबलचक प्रश्नावल्या पाठवू लागल्या: सुरक्षेची हमी काय, तुम्ही आजारी पडलात तर बघणार कोण. कुणी नव्या सोयी मागे, कुणी जुन्या चुकांवरून खडसावे. भावोजी पडले भिडस्त, प्रत्येकाला उत्तर देत बसत. ताट निवून जाई. ताईने फोनवर कुरकुर केली, तेव्हा जाळीवाली हसून म्हणाली की थोडे दिवस चालेल, मग ओसरेल.

एका कंपनीने फारच तगादा लावला म्हणून भावोजींनी नीट न तपासता एक दुरुस्ती सगळ्यांसाठी खुली केली. काही ठिकाणी दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली. कितीतरी दवाखान्यांत पेशंट दारात उभे, आणि त्यांची नावं भलत्याच महिन्यात. कुणाच्या जिवावर बेतलं नाही, पण तपासणीसाठी उपाशीपोटी आलेली म्हातारी माणसं तशीच परत गेली. भावोजींनी दुपारपर्यंत चूक निस्तरली आणि खुर्चीतून उठता उठता छाती धरली.

दवाखान्याच्या बाकावर जाळीवाली ताईच्या शेजारी बसायला गेली, तर ताईने मधल्या जागेत पर्स ठेवली.

"ह्यांच्यावर कोण कोण टेकलंय ते शोधलंस," ताई म्हणाली. "हे कशाच्या आधारावर उभे आहेत, ते तर तुला न शोधताच माहीत होतं."

 जाळीवाली समोरच्या बाकावर जाऊन बसली.

भावोजी वाचले. भेटायची परवानगी मिळाली तेव्हा तिने कशीबशी माफी मागितली.

"तुझं गणित चुकलं नाही," ते म्हणाले. "पण हे कुणी वापरत नाही असं वाटायचं ना, तोवर माझा हात मोकळा चालायचा. एकदा मला विचारायचंस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

साहेबांशी भांडून तिने त्या पॅकेजसाठी कामातला वेळ मागून घेतला. बाहेरचे आणखी दोघं तयार झाले. भावोजींनी सगळे पासवर्ड त्या तिघांच्या हवाली केले आणि जिन्याखालची खोली बंद केली. ती अजूनही नकाशे काढते. मात्र ठिपक्यामागच्या माणसाला विचारल्याशिवाय त्याचं नाव कुठे लावत नाही. भावोजींना यायचे तसले खडसावणारे निरोप आता तिला येतात. ती ते शेवटपर्यंत वाचते. त्याने मनावरचं ओझं उतरत नाही.

परवा ती गेली तेव्हा भावोजी आणि ताई मटार सोलत बसले होते. भावोजींनी मान वर न करता विचारलं, "आपलं ते पॅकेज नकाशात अजून पहिलंच आहे का गं?"

ते पहिलंच होतं.

"नाही हो," ती म्हणाली. "बरंच खाली गेलंय."

बरं झालं, असं म्हणून ते पुन्हा शेंगांकडे वळले. ताईने मात्र तिच्याकडे रोखून पाहिलं. धाकट्या बहिणीचं खोटं तिला लहानपणापासून ओळखता येत होतं.  मग न सोललेल्या शेंगांचा निम्मा ढीग तिने बहिणीच्या पुढ्यात सरकवला.